कुठं दुखतंय?

कोणी ‘सॉरी’ म्हटलं की तो हात कानामागे धरायचा, मान वाकडी करायचा आणि विचारायचा, “कुठं दुखतंय?”

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तो आमचा सुपरवायझर. इंग्रजीत एम.ए. प्राध्यापकी मिळाली नाही, त्याचा सूड त्याने चेकिंगच्या आम्हा बायकांवर उगवला. मेल्याचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. तुमच्याही कामावर असा एखादा असेलच, त्याचंच नाव लावून वाचा.

“धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी. माणूस मेला, तरी सॉरी!” तो टेबलांमधून फिरत सांगायचा. “अगं, जुन्या इंग्रजीत सॉरी म्हणजे ज्याला दुखतंय तो. जखम दुखते ना, त्याच मुळातला शब्द. दुखत नसेल तर म्हणायचं नाही.”

एकदा आमच्या साध्याभोळ्या मावशींनी खरंच उत्तर दिलं. “गुडघ्यात, साहेब. थंडी पडली की लई.” आम्ही तोंडात पदर कोंबले. दुसऱ्या दिवशी मावशींना बसायला स्टूल आलं. तेवढं एक पुण्य त्याच्या नावावर मांडा, बाकी सगळा ठणठणाट.

तपासलेल्या टॉवेलच्या कोपऱ्यात आम्ही आपापल्या रंगाचा दोरा बांधायचो. माझा पिवळा, शेजारच्या टेबलावरच्या अक्काचा हिरवा. अक्का पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली, माहेर-सासर दोन्हीकडे माग. तिची गाठ चपटी, मागावर तुटलेला धागा जोडतात तशी. बोट फिरवलं तरी लागायची नाही. मला ती कधीच जमली नाही. नवीन असताना माझे चुकलेले टॉवेल ती गुपचूप आपल्या टेबलावर ओढून घ्यायची.

एकदा बाहेर पाठवलेला माल परत आला. टॉवेलांना भोकं, सुटलेले धागे, आणि प्रत्येक कोपऱ्यात हिरवा दोरा. त्याने सगळ्यांसमोर अक्काला उभं केलं. मी एक टॉवेल उचलला. गाठ बोटाला टोचली. जाडजूड, दुहेरी, हा साहेब पार्सलला मारायचा तसली. घाईत न तपासलेल्या मालाला यानेच हिरवा दोरा बांधला होता, कारण अक्काचा रंग दिसला की पुढे कोणी उघडून बघत नसे.

अक्काची नोकरी जायची वेळ आली होती. नसलेली चूक पदरात घेऊन ती म्हणाली, “सॉरी, साहेब.”

त्याने हात कानामागे धरला. “कुठं दुखतंय?”

अक्का माझ्याकडे बघत होती. मी टॉवेलाची घडी घातली आणि तो खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

परवा तो रिटायर झाला. शाल, नारळ, भाषण. “कोणाला दुखावलं असेल तर सॉरी,” म्हणाला. मी उभी राहिले, हात कानामागे धरला. “कुठं दुखतंय, साहेब?” सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. कौतुकच केलं असं वाटलं असणार निर्लज्जाला!

त्याचं टेबल आवरायचं काम माझ्याकडे आलं. खालच्या खणात हिरव्या दोऱ्याचं अर्धं रीळ होतं. ते पिशवीत घालून मी तडक अक्काच्या घरी गेले.

अक्का उंबऱ्याशी सूप घेऊन विड्या वळत होती. मी रीळ तिच्यासमोर ठेवलं. “त्याच्या खणात सापडलं. त्या गाठी तुझ्या नव्हत्या, अक्का. मला तेव्हाच कळलं होतं. सॉरी.”

तिचे हात थांबले.

“कळलं होतं?” ती म्हणाली. “मी आपली समजत होते, तुला कळलं न्हाय म्हणून तू गप बसलीस.”

विडी वळून झाली, तिने दुसरं पान घेतलं.

त्या मेल्याने सांगितलेला सॉरीचा अर्थ खरा होता. येताना रीळ माझ्याच पिशवीत होतं, अक्काने त्याला हात लावला नाही.