मानशीच्या तोंडावरचा चोणक

गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी सकाळी पावणेनऊ वाजता, चोपडे गावाजवळ शापोरा नदीत, पिसांच्या बनावट माशीला एक चोणक, म्हणजे खाडीतला मोठा शिकारी मासा, लागला. होडीत आम्ही तिघे होतो. दोरी टाकणारा माझा मावसभाऊ, होडी चालवणारा चोपड्याचा नावाडी आणि मी. मला नेले होते ते फोटो काढण्यासाठी.

मावसभाऊ मूळचा डिचोलीचा. जहाजावरच्या नोकरीतून तो नॉर्वेत स्थायिक झाला आणि तिथे सॅल्मनच्या नादाला लागला. दर उन्हाळ्यात तो वाटाड्याला घेऊन रस्ता संपतो तिथून पुढे चालत जातो आणि आठवडाभर कंबरेइतक्या थंड पाण्यात उभा राहतो. या प्रकारात आमिष नसते, शिशाचे वजनही नसते. जाड दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायची आणि टोकाची पिसांची माशी अलगद पाण्यावर उतरवायची. आठवड्यात एक मासा मिळाला तरी माणसे खूश असतात. तो एकही सोडून देतात.

नावाड्याला हे शेवटचे वाक्य पटले नाही, पण त्याला गरज होती. तो पर्यटकांना पक्षी दाखवायला नेतो. अशा होड्या आता नदीत बऱ्याच झाल्या आहेत आणि त्याची होडी आठवड्यातले चार दिवस बांधलेली असे. मांद्र्याला पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका बाईंनी त्याला सांगितले होते की, माशीने मासे धरू इच्छिणारे लोक त्यांच्याकडे चौकशी करतात. या नदीत तसा मासा लागतो याचा एक फोटो आण, माशाच्या तोंडात माशी दिसली पाहिजे. मग ते पाहुणे तुझ्याकडे पाठवते. मावसभावाचे परतीचे विमान शनिवारी होते. चोपड्यात दुसऱ्या कोणाला ही दोरी टाकता येत नव्हती.

बुधवारी काही लागले नाही. गुरुवारी पहिल्याच फेकीत माशी मागच्या खारफुटीच्या फांदीत अडकली, दुसऱ्या फेकीत नावाड्याची टोपी पाण्यात गेली.

"बाब, तुमच्या नॉर्वेत मासे झाडार आसतात?" नावाड्याने विचारले.

"तिथे वाटाडे गप्प बसतात," मावसभाऊ म्हणाला.

"म्हणून आठवड्यात एक मेळटा."

गुरुवारी दुपारी नावाड्याने नॉर्वेच्या माश्यांची डबी उघडून पाहिली. निळी, जांभळी, सोनेरी तारेची. त्याने ती बंद केली आणि सांगितले की चोणक लग्नाला आलेला नाही, त्याला सुंगटासारखे, म्हणजे कोळंबीसारखे काहीतरी दाखवा. संध्याकाळी मावसभाऊ सर्वणला बहिणीकडे गेला. तिच्या पांढऱ्या गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे घेऊन त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर चार माश्या बांधल्या. कोंबडा दोन तास सापडत नव्हता, असे बहीण सांगते.

शुक्रवारी ओहोटी साडेसातला सुरू झाली. नावाड्याने होडी मानशीसमोर नेली. नदीकाठच्या खारट शेतांना बांध असतो आणि बांधात पाणी आत-बाहेर करणारी लाकडी झडप असते. तिला मानस म्हणतात. ओहोटीला आतले पाणी बाहेर पडते, त्याबरोबर सुंगटे आणि बारीक मासळी येते, आणि तोंडावर चोणक थांबतो. पण मानशीची मासळी गावाकडून वर्षभरासाठी एकाला दिलेली असते. दुसऱ्या कोणी तोंडावर जाळे टाकायचे नाही. अंतर मोजायची रीतही ठरलेली आहे: हातजाळ्याची एक फेक. नावाड्याने रीत पाळली. त्याने एका फेकीपेक्षा थोडे जास्तच अंतर सोडून काठी रोवली आणि होडी बांधली.

जाळ्याची फेक सात-आठ पावलांची असते. मावसभावाची दोरी तीस पावले जात होती. हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. सहाव्या फेकीला माशी झडपेसमोरच्या फेसात पडली आणि दोरी ताणली गेली. चोणक पाण्याबाहेर उसळला, डोके झटकले आणि पुन्हा आत गेला.

"कोण रे तो?" बांधावरून आवाज आला. मानस घेतलेले म्हातारे गृहस्थ डोक्याला पंचा गुंडाळून उभे होते.

"मामा, आमी भायर आसांव," नावाडी ओरडला. "जाळ्याच्या फेकीभायर!"

"होडी भायर. मासो खंय लागलो? माज्या तोंडार! मासो माजो."

"मामा, पयलीं तो वयर तरी येवं दी."

"येवं दी. पूण माजो."

"काका, तुमचाच," मावसभाऊ मागे न बघता म्हणाला. "फक्त पाच मिनिटे बोलू नका."

म्हातारे पाच मिनिटे बोलले नाहीत. मासा जाळीत आला तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उतरून होडीपाशी पोचले होते. चोणक हाताएवढा लांब होता.

"हांगा दी. फोटो काडटा न्ही? मासो माजो, म्हणजे फोटोय माजो."

"मामा, माशी काडूं नाका!" नावाड्याचा आवाज चिरकला. "ती दिसूंक जाय!"

"ही माशी? ही कोंब्याचीं पिसां." पण त्यांनी ती काढली नाही. मी तीन फोटो काढले. पहिल्यात म्हाताऱ्यांचे डोळे मिटलेले आहेत, तिसऱ्यात मासा हललेला आहे. दुसऱ्यात चोणकाच्या जबड्याच्या डाव्या कोपऱ्यात पांढरी पिसे स्पष्ट दिसतात.

मग मावसभावाने मासा सोडण्याची विनंती केली.

"सोडपाक धरलो?" म्हाताऱ्यांनी आधी त्याच्याकडे आणि मग नावाड्याकडे पाहिले. "हो डोक्यान बरो आसा मरे?"

"बरो आसा, मामा. तांची तशी रीत."

रीत हा शब्द ऐकून म्हाताऱ्यांनी मान डोलावली. त्यांनी गळ काढला, मासा दोन्ही हातांत घेऊन बांध चढले आणि पलीकडे, मानशीच्या आतल्या पाण्यात तो सोडून दिला. तिथून नदीत यायची वाट झडपेतूनच होती आणि झडपेला त्यांचे जाळे लावलेले होते.

"सोडलो," ते वरून म्हणाले.

मावसभाऊ होडीच्या फळीवर बसून हसत राहिला. नावाड्याने थर्मास उघडला आणि पाव काढले. म्हाताऱ्यांनी बांधावर बसून चहा घेतला आणि नव्या दोरीची फेक मोजून घ्यायची मागणी केली. मावसभावाने बांधावर उभे राहून दोरी टाकली. म्हाताऱ्यांनी स्वतः पावले मोजली: एकतीस. तेवढ्या अंतरावर नदीत बांबू रोवण्यात आला. बांबूच्या अलीकडचा मासा मानशीचा, पलीकडचा होडीचा, असे ठरले.

दुसरा फोटो त्याच संध्याकाळी मांद्र्याच्या बाईंना पाठवला. शनिवारी दुपारी, मावसभाऊ विमानतळावर असताना, उत्तर आले. फोटोतले गृहस्थ सहलीला बरोबर येतात का, असे त्यांनी विचारले होते. नावाड्याने बांधावर जाऊन विचारले आणि हो कळवले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी दोन पाहुणे पाठवले. सकाळी सात वाजता होडी चोपड्याहून निघाली. होडीत चौघे होते. चौथ्याच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला होता.