मच्छिंद्र तौरच्या पसंतीची तीन गावं

मच्छिंद्र तौरला विचारून त्याच्या आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. गावची शाळा उर्दू होती म्हणून तो उर्दू शिकला. आईने सोयरीक जमवली म्हणून उषाबाई घरात आली. निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन वर्षांनी जालन्याला भरतीचे साहेब आले, तेव्हा मित्राला सोबत म्हणून तो रांगेत उभा राहिला, तर मित्राला काढलं आणि ह्याला घेतलं. तोवर ह्या कुंभार पिंपळगावच्या माणसाने समुद्र डोळ्याने पाहिला नव्हता. पाणी म्हणजे शहागडला मावशीकडे गेल्यावर दिसणारी गोदावरी, तीही काठावरून. तरी त्याला नौदलात घातलं, आणि नौदलात घालून वर विमानं दुरुस्त करायला शिकवलं. त्याचा बाप कडूबा हे कुणाला सांगायला गेला की लोक विचारायचे, "जहाजावर हाय का इमानावर?" कडूबा म्हणायचा, "दोन्हीवर," आणि पेरणीपाण्याचं बोलायला लागायचा.

अशा माणसाच्या हातात १९५९ च्या डिसेंबरात, सुट्टीवर निघताना, त्याच्या साहेबांनी एक छापील फारम ठेवला. पुढची बदली कुठे हवी ते लिहायचं होतं. तीन गावं, पसंतीच्या क्रमाने. सुट्टी संपायच्या आत टपालाने पाठव, म्हणाले. मच्छिंद्रने सॅल्यूट ठोकला आणि गाडीत बसल्यावर त्याला घाम फुटला.

नऊ वर्षांत त्याने तीन ठाणी पाहिली होती. आधी कोचीन, मग कोइमतूर, मग जामनगर. तिन्ही ठिकाणी तो राहिला, जेवला, कामाला गेला. पण त्यातलं आवडलं कोणतं, हा सवाल त्याने स्वतःला घातलाच नव्हता.

गावी आल्यावर बाजाराच्या दिवशी मूलचंद शेठच्या कापड दुकानात चार माणसं बसली होती. मूलचंदचे पूर्वज मारवाडातून आलेले, पण तो स्वतः जालन्यापलीकडे फारसा गेला नव्हता, त्यामुळे त्याला दूरच्या गावांचं भारी कौतुक.

"मच्छिंदर, तू तर सारा मुलूख पाह्यला," तो म्हणाला. "बराबर सांग, सगळ्यात बढिया गाव कोणतं?"

"कोचीन," मच्छिंद्रच्या तोंडून निघून गेलं.

आणि मग त्याने ती गोष्ट सांगितली. चौपन्न सालची. एक मासेमारीची होडी उलटली होती आणि माणसं दोन दिवस सापडत नव्हती. पाण्यावर उतरू शकेल असं एक छोटं विमान त्यांच्या ठाण्यावर होतं. इंजिन कुरकुरत होतं म्हणून मेकॅनिक सोबत हवा, आणि पाळी मच्छिंद्रची आली. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या होडीला धरून बसलेली चार माणसं दिसली. समुद्र त्या दिवशी तळ्यासारखा होता, म्हणून पायलटने विमान पाण्यावर टेकवलं. मच्छिंद्र दारात पालथा पडला आणि दोर टाकून त्याने एकेकाला ओढून घेतलं.

"चारी वाचले?" मूलचंदने विचारलं.

"चारी."

दुकानातली माणसं वाहवा करत राहिली. चौघांतल्या शेवटी ओढून घेतलेल्या म्हाताऱ्याने मच्छिंद्रचं मनगट जे धरलं ते किनाऱ्यापर्यंत सोडलं नव्हतं, आणि सारा वेळ तो मल्याळममध्ये काहीतरी सांगत होता. आशीर्वाद देत होता, की होडीत अजून कुणी होता म्हणून सांगत होता, की नुसतं रडत होता? नंतर मच्छिंद्रने विचारलं, तर म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलेलं. पुढे दोन वर्षं विमान पाण्यावर गेलं की मच्छिंद्र खाली अजून कुणी दिसतं का ते शोधत राहायचा. हे त्याने दुकानात सांगितलं नाही. मग कोचीन आवडतं असं आपण का म्हणालो, हे घरी जाईस्तोवर त्याला उमगेना.

दुसऱ्या दिवशी शेतात कडूबाने तेच विचारलं. मच्छिंद्र म्हणाला, "जामनगर. कोरडी हवा, बाजरीची भाकर मिळती, आपल्यावानी मानसं." कडूबाने मान डोलावली. संध्याकाळी आई सगुणाबाईने विचारलं, "त्यातल्या त्यात जवळ कोणतं?" तर म्हणाला, "माय, सगळीच लांब हायेत. कोइमतूरला जरा निवांत असतं." प्रत्येक वेळी सांगताना त्याला तेच खरं वाटत होतं. भलतीच पंचाईत होती.

उषाबाई चुलीपुढे बसून हे ऐकत होती. दोन वर्षांची नंदा तिच्या मांडीवर झोपली होती.

"एका तोंडानं तीन गावं सांगून राह्यले तुमी," ती म्हणाली.

"मलाच कळंना झालंय, उषा."

"मंग मला इचारा की."

मच्छिंद्रला वाटलं, हे तर सोपं होतं. तिला काय आवडलं हे त्याला ठाऊकच होतं. कोचीनला ती अकरा महिने होती. पंचावन्न साली तिथे आली आणि चार महिन्यांतच तिचं पहिलं लेकरू पोटात गेलं, सहावा महिना चालू असताना. सतत पाऊस, मासळीचा वास, भाषा कळत नाही. तो ड्युटीवरून यायचा तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजलेली असायची. छप्पन साली त्याची कोइमतूरला बदली झाली. तिथे बायकोला न्यायची सोय नव्हती, म्हणून ती गावी आली. मग जामनगरला दोघं पुन्हा एकत्र राहिली आणि तिथे नंदा झाली. हिशोब साफ होता.

"तुझ्यासाठी जामनगरच लिहिणार व्हतो मी पहिलं," तो म्हणाला.

"जामनगर?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या बायकोबद्दल बोलतोय. "जामनगरात मला एक दिस बी करमलं न्हाई."

"पन नंदा तिथं झाली."

"झाली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. अन् जो उठेल तो म्हने, पहिलटकरीन हाय, पहिलटकरीन. मी पहिलटकरीन नव्हते." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "कोचीन लिवा."

"कोचीन? तिथं तर आपलं लेकरू गेलं."

"म्हनून तर. शेजारची ती मच्छीवाली, तिचं नाव बी मला नीट घेता येत नव्हतं. तिनं चाळीस दिस मला तेल लावून न्हाऊ घातलं. मी मराठीत रडायची, ती तिच्या भाषेत बोलायची. आमाला एकमेकींचा एक शबुद कळत नव्हता अन् मला सगळं बराबर कळायचं. तिनंच ते लेकरू विहिरीजवळच्या नारळाखाली पुरलं. तुमी तवा ड्युटीवर गेल्ते."

मच्छिंद्रला हे माहीत नव्हतं. लेकरू दवाखान्याच्या माणसांनी नेलं असेल, असं त्याने धरून चाललं होतं. चार वर्षं.

"तुमाला कोणतं आवडलं ते तर सांगा," ती म्हणाली. "खरं खरं."

आणि तिने खरं म्हटल्यावर त्याला उत्तर सापडलं. त्याची त्यालाच लाज वाटली. कोइमतूर. तिथे समुद्र नव्हता. शेडमध्ये इंजिनं उघडायची, साफ करायची, परत बसवायची. कुणी बुडत नव्हतं, घरी कुणी भिंतीकडे तोंड करून निजलेलं नव्हतं. रविवारी तो एकटा टेकडीवर फिरायला जायचा आणि परत येऊन गाढ झोपायचा. ते एक वर्ष त्याला कसलंही ओझं नव्हतं. पण त्याच वर्षी ती इथे त्याच्या आईच्या हाताखाली राबत होती.

"कोइमतूर," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"जिथं मी नव्हते."

"तसं न्हाई."

"मंग कसं?"

तो म्हणाला की तू नव्हतीस म्हणून आवडलं असं बिलकुल नाही, पण तू असतीस तर आवडलं असतं का, तेही माहीत नाही. हे बोलून तो आणखीच गोंधळला. त्याला वाटलं ती रडेल, नाहीतर तव्याचा आवाज करेल. ती नंदाच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

"मला बी जामनगरात तुमी ड्युटीवर गेले की बरं वाटायचं," ती म्हणाली. "मंग तुमाला वाटंल तसं लिवा. फारम तुमचा हाय."

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र फारम घेऊन टपाल कचेरीत गेला. तिथल्या टेबलाशी उभा राहून त्याने पहिल्या रेघेवर कोचीन लिहिलं. दुसऱ्यावर कोइमतूर. तिसऱ्यावर जामनगर लिहायला गेला आणि थांबला. ती रेघ मोकळीच ठेवली. पाकीट बंद करून भुजंगराव पोस्टमास्तरांच्या हातात दिलं, त्यांनी शिक्का मारला, आणि लगेच मच्छिंद्र म्हणाला, "मास्तर, जरा परत द्या."

"का? पत्ता चुकला?"

"पत्ता बराबर हाय."

"मंग?"

भुजंगरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पाकीट थैलीत टाकलं.

साठ सालच्या एप्रिलात जामनगरला हुकूम आला. कोचीन. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने सांगितलं तसं घडलं होतं आणि त्याला आनंद झाला की धसका बसला, हे त्याला ओळखू येत नव्हतं. उषाबाईने मात्र त्याच दिवशी ट्रंक भरायला घेतली.

कोचीनला पोचल्यावर नव्या क्वार्टरमध्ये सामान टाकून ती म्हणाली, "चला." नंदाला कडेवर घेऊन तिघं जुन्या वस्तीकडे निघाली. पण धावपट्टी लांबवली होती. जिथे बैठी घरं होती तिथे आता तारेचं कुंपण आणि सपाट मुरूम. मच्छीवालीचं घर नव्हतं. वाटेतल्या दोघातिघांना विचारलं, त्यांनी हात हलवले. ती कुठे गेली हे कुणाला सांगता आलं नाही, की सांगितलेलं ह्यांना कळलं नाही.

"विहीर हितं व्हती," उषाबाई कुंपणाच्या एका खांबाकडे बोट दाखवून म्हणाली.

"न्हाई. तिकडं, डाव्या अंगाला."

"तुमी कधी पानी भरायला गेल्ते?"

कुंपणापलीकडे तीन नारळाची झाडं उरली होती. उषाबाईने पहिल्याकडे पाहिलं, मग तिसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली. मच्छिंद्रने इतक्या वर्षांत तिला कधी असं गोंधळलेलं पाहिलं नव्हतं.

"ह्यातलं असंल का?" तिने विचारलं.

"असंल," तो म्हणाला. खरं तर त्याला काहीच माहीत नव्हतं. तरी तो कुंपणाच्या तारेला हात लावून तिच्याशेजारी उभा राहिला. तिने आपली जागा सोडली नाही, म्हणून त्यानेही सोडली नाही. मग नंदा उन्हाने कुरकुरायला लागली. त्याने तिला आपल्या खांद्यावर घेतलं आणि तिघं सावलीच्या बाजूने क्वार्टरकडे चालायला लागली.