रक्तवाले, विजेवाले, धुळीवाले

संशोधनाच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात, रिपोर्ट आणि किस्से. रिपोर्ट महिन्याच्या शेवटी नागपूरला जातात. तिथून पुढं कुठं जातात ते आम्हाला कोणी सांगत नाही. किस्से कोणी मागतच नाही, म्हणून ते इथंच पडून राहतात. माझ्याकडं बराच माल जमला आहे, आज थोडा कमी करतो.

ऑफिस म्हणजे पांढुर्ण्यात एका कृषी केंद्राच्या वरच्या तीन खोल्या. खाली खतं-बियाणं, वर आम्ही. एका खोलीत सिकलसेलचं संशोधन. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, तो आजार. त्याच्या डॉक्टर मॅडम नागपूरहून आठवड्यातून एकदा येतात. दुसऱ्या खोलीत पुण्याहून आलेले एक सर, ते गावागावात कोणत्या वेळी किती वीज लागते याचं मॉडेल कॉम्प्युटरवर बनवतात. तिसऱ्या खोलीत मी. हवेतली धूळ मोजायची यंत्रं छतावर लावायची आणि सांभाळायची, हे माझं काम. त्यांचे आकडे सरांच्या कॉम्प्युटरवर येतात. गावात आम्हाला नावानं कोणी ओळखत नाही. रक्तवाले, विजेवाले, धुळीवाले!

आणि चौथी माधुरी. सौंसरची पोरगी, वय सत्तावीस, रक्त घ्यायचं काम तिचं. हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर लोक विचारतात, "आता टोचणार का?" आमच्याच समाजातली, त्यामुळं घरी येणं-जाणं होतं. त्या वर्षी तिच्या घरचे तिच्यासाठी स्थळं पाहून राहिले होते, आणि तिची एकच अट होती. पोराची सिकलची टेस्ट आधी, चहा-पोहे नंतर.

घरचे वैतागले होते. पण माधुरी हटून बसली होती.

*

आधी धुळीचं सांगतो, ते माझं खातं आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला हाक मारली. माझ्या तीन यंत्रांवर तीन वेगळ्या ठिकाणी, आदल्या दिवशी सकाळी एकाच वेळी धुळीचे आकडे आकाशाला भिडले होते. एक यंत्र पांढुर्ण्यात, एक नदीपलीकडं सावरगावात, एक मोहगावात. सर खूश! वाऱ्याची दिशा काढली, नकाशा काढला, मोठी काहीतरी प्रादेशिक घटना आहे म्हणाले.

मी सावरगावला गेलो. छतावर चढलो तर यंत्राला झेंडूचा हार, वर हळदकुंकू, आणि हवा आत जायच्या जाळीत पाच अगरबत्त्या खोचलेल्या. घरच्या काकू मागं उभ्या होत्या.

"काकू, हे काय?"

"दसऱ्याले यंत्राची पूजा करतात ना? ट्रॅक्टरची केली, शिलाई मशीनची केली. हे का सावत्र हाय?"

बाकीच्या दोन छतांवरही हेच. रिपोर्टात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, दसरा. नागपूरहून विचारणा आली, "हा प्रदूषणाचा स्रोत कायमस्वरूपी आहे का?" मी कळवलं, वर्षातून एकदा.

*

सरांचं मॉडेल हा वेगळाच विषय. माणूस हुशार आणि मनानं चांगला, पण मराठी पुण्याची.

त्यांनी फोनवर सर्व्हे सुरू केला. शेतकऱ्याला फोन लावायचा, आत्ता काय चालू आहे विचारायचं, आणि मोटर चालू की बंद ते मॉडेलमध्ये भरायचं. समोरचा सांगायचा, "पाणी देऊन राहिलो सर." आमच्याकडं याचा अर्थ, आत्ता देतोय. सरांच्या हिशेबी देऊन म्हणजे देऊन झालं, आणि आता नुसता राहिला. मोटर बंद! दुसरा म्हणायचा, "मोटर चालवून राहिलो." म्हणजे चालवून झाली. बंद!

तीन आठवडे हे चाललं. सरांच्या मॉडेलमध्ये अख्ख्या मोहगावच्या शिवारात भरदुपारी एकही मोटर चालत नव्हती. संत्र्याच्या बागा काय हवेवर जगत होत्या कोण जाणे.

मग एक दिवस मोहगावहून त्यांनाच फोन आला. लोड जास्त झाला म्हणून तिथला ट्रान्सफॉर्मर पेटला होता. त्याला आमच्याकडं डीपी म्हणतात.

"सर, डीपी जळून राहिली!"

"अरेरे. जळून गेली?"

"जळून गेली नाई सर, जळून राहिली!"

"हो हो, म्हणजे जळून झाली ना?"

"अहो कायची झाली! अजून जळूनच राहिली ना!"

त्या दिवशी सरांनी तीन आठवड्यांचे आकडे पुसले आणि माझ्या खोलीत येऊन वही उघडून बसले. म्हणाले, भाऊ, मला क्रियापदं शिकवा.

*

रक्तवाल्यांना सगळ्यात जास्त शिव्या पडतात. एवढीशी नळी भरायची म्हटली तरी लोकांना वाटतं आम्ही बाटल्या विकतो. सावरगावच्या एका चहावाल्यानं तर मॅडमला सरळ सल्ला दिला, "कायले घरोघर फिरून राहिल्या मॅडम? गोटमारच्या दिवशी या. रक्तच रक्त!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. मॅडम नागपूरच्या, त्यांना ती ठाऊक. हसल्या नाहीत. त्या दिवशी डॉक्टरांना इथं काय काय शिवावं लागतं ते त्यांनी पाहिलेलं आहे.

*

आता शब्दांची गंमत. ज्याच्या रक्तात आई किंवा बाप, एकाकडूनच सिकल आलं, त्याला त्रास होत नाही, पण तो पुढं पोरांना देऊ शकतो. त्याला डॉक्टरी भाषेत म्हणतात सिकल कॅरियर.

जामसांवलीजवळच्या एका गावातल्या तपासणी कॅम्पात माधुरीनं एका म्हाताऱ्या बाबांना रिपोर्ट सांगितला, "बाबा, तुम्ही सिकल कॅरियर निघाले."

बाबा खूश. "निघणारच! वीस वर्स दूध वाहिलं ना सायकलच्या कॅरियरवर!"

मॅडम म्हणाल्या, इंग्रजी नको, 'वाहक' म्हणा. पुढच्या कॅम्पात माधुरीनं एका बाईला सांगितलं, "तुमचा मुलगा वाहक आहे." बाई रागावली, "कोण म्हणते? नागपूर गाडीवर ड्रायव्हर हाय तो! वाहक त्याच्या हाताखाली असते!"

शेवटी लोकांनीच शब्द काढला. एकाकडून आलं तर हाफ, दोघांकडून आलं तर फुल. हाफवाल्याला काही होत नाही, फुलवाला आजारी. दोन हाफांनी लग्न केलं तर पोर फुल निघू शकते. मॅडमना हा शब्द आवडत नाही, पण त्यांच्या चार पानी माहितीपत्रकानं जे झालं नाही ते या दोन शब्दांनी झालं.

माधुरी स्वतः हाफ. कॅम्पात कोणी रडायला लागलं की ती खुर्ची ओढून बसते आणि सांगते, "मी बी हाफच हाय. पाहा, कशी ठणठणीत हाय!"

तिची थोरली बहीण फुल आहे, हे ती कॅम्पात सांगत नाही.

*

माधुरीची स्थळं.

पहिल्या स्थळाच्या वेळी मीही हजर होतो. पोराचा मामा अट ऐकताच उठला. "आमच्या पोराच्या रक्तावर संशय?" चपला घातल्या, निघाला. मग दारातून परत आला, कारण चपला माझ्या होत्या!

दुसऱ्या स्थळानं मान डोलावली. आठ दिवसांनी मुलाचे वडील पेढ्यांचा डबा घेऊन थेट ऑफिसात हजर. "टेस्ट केली! पोरगा पॉझिटिव्ह निघाला! आता घ्या तारीख!"

माधुरीचा चेहरा पडला. कागद हातात घेतला तर ब्लड ग्रुप होता. बी पॉझिटिव्ह.

तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं, खरी टेस्ट केली, आणि पोरगा हाफ निघाला. ते बिचारे डबा तसाच ठेवून गेले. पेढे मी खाल्ले. कोणीतरी खायलाच पाहिजे होते.

तेव्हा सरांना राहवलं नाही. त्यांनी फळ्यावर चौकोन काढून माधुरीला दाखवलं. दोन हाफ असले तरी प्रत्येक पोराला फुल व्हायचा धोका चारात एक. "म्हणजे बघ, पंचाहत्तर टक्के काहीच होणार नाही! इतकं चांगलं स्थळ एवढ्यासाठी सोडायचं?"

माधुरी फळ्याकडं बघत होती. "सर, आमी चौघं भावंडं हाओत."

"हो, मग?"

"त्यातली एक ताई हाय. थंडी पडली का ते दोन-दोन दिवस किंचाळते. मी सहावीत होती तेव्हापासून तिचे पाय दाबून राहिली."

सरांना या वेळी क्रियापद कळलं. त्यांनी फळा पुसला.

*

तिसरं स्थळ कोणी आणलंच नाही. ते आपणच आलं.

नितीन मोहगावला पाणीपुरवठ्याच्या कामावर आहे. गावाचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. कॅम्पाच्या दिवशी त्यानं आमच्यासाठी पाण्याची टाकी आणून दिली, टेबल लावले, आणि मग दर कॅम्पाला लावत राहिला. दुसऱ्या गावातल्या कॅम्पालासुद्धा! मी विचारलं, "काहून रे, तुमच्या मोहगावचं पाणी कोण सोडते?" म्हणाला, "सोडूनच आलो भाऊ."

माधुरीला तो आवडला होता. ती बोलली नाही, पण तो जवळपास असला की रजिस्टरमध्ये एकाच पेशंटचं नाव दोनदा लिहायला लागली तेव्हा मला कळलं.

त्यानं विचारलं, तिनं अट सांगितली. तो म्हणाला, एवढंच ना? येतो.

आणि आलाच नाही. म्हणजे कॅम्पाला यायचा, टेबल लावायचा, पण बोट पुढं करायचं म्हटलं की आज पाइप फुटला, आज साहेब आले, आज जेवण झालं. जेवणाचा या टेस्टशी काही संबंध नाही, हे तिनं त्याला चारदा सांगितलं. दोन महिने गेले. सरांनी निष्कर्ष काढला की पोरगा सुईला घाबरतो.

मी एकदा त्याला बाजूला घेतलं. "अबे, टेस्ट करून टाक ना. सुईचं काय एवढं?"

तो टेबलाची घडी घालत होता. "सुईचं नाई भाऊ. टेस्ट नाई झाली तोवर माधुरी नाई तं म्हणत नाई ना."

तो म्हणत होता ते खरं होतं.

*

आणि मग तो एका बुधवारी स्वतःच ऑफिसात आला. घरचं कोणी सोबत नाही. हेल्मेट हातात. "जय भीम भाऊ," म्हणाला, आणि माधुरीच्या समोर बसून बोट पुढं केलं.

ही टेस्ट साधी असते. एका छोट्या नळीत औषधाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब. पाच मिनिटं थांबायचं. मग नळी उभी धरायची आणि तिच्या मागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रक्तात सिकल असलं की पाणी गढूळ होते आणि मागच्या रेघा दिसत नाहीत. रेघा दिसल्या, म्हणजे सिकल नाही.

मी म्हटलं, माधुरी, तू राहू दे, मॅडम उद्या येतातच. ती म्हणाली, नाही, मीच करते. तिनं बोट पुसलं, टोचलं, थेंब सोडला. त्याच्या बोटावर कापूस ठेवला आणि जरा जास्तच वेळ दाबून धरला.

पाच मिनिटं. सर आपल्या खोलीतून उठून दारात येऊन उभे राहिले. खाली कृषी केंद्रात कोणीतरी खताच्या पिशव्या मोजत होता, ते वर ऐकू येत होतं. नितीन आपल्या बोटावरच्या कापसाकडं बघत होता. मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि तिचं त्याहून जास्त.

माधुरीनं नळी उचलली. मागं कागद धरला. बघितलं. खिडकीजवळ गेली, उजेडात धरली, परत बघितलं.

"काय हाय?" नितीननं विचारलं.

"दिसून नाई राहिल्या," ती म्हणाली. "रेघा दिसून नाई राहिल्या."

नितीन उठला. त्यानं कापूस डब्यात टाकला, हेल्मेट उचललं. "बरं," म्हणाला. "उद्याच्या कॅम्पाचे टेबल मी लावून देतो. त्याची काळजी नोको करू." आणि दाराकडं वळला. सर बाजूला झाले.

मी माधुरीच्या हातातून नळी आणि कागद घेतला. चष्मा लावला. नळीतलं पाणी स्वच्छ होतं, आणि मागच्या रेघा एक-एक मोजून घ्याव्या इतक्या ठळक.

"माधुरी," मी म्हटलं, "आधी डोळे पूस!"