पोर्ट वनचं सेटिंग

काकांना कामावरून मी घालवलं. साहेबांनी काढलं असं आमच्या ऑफिसात सगळे समजतात, पण ते खरं नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. घर पाम गावात, डिप्लोमा पालघरला केलेला, आणि नोकरी बोईसरच्या एका लहानशा कंपनीत. कारखान्यांत नेटवर्कच्या केबल टाकायच्या, त्या नीट चालतात का ते तपासायचं आणि तसा कागद करून द्यायचा, एवढंच आमचं काम. तपासायला एक टेस्टर होता, पाटीएवढा, जाड रबराच्या कव्हरातला, वरच्या कडेला दोन पोर्ट असलेला. केबल पोर्टमध्ये खोचायची, स्क्रीनवर त्या पोर्टला वेग, पत्ता, किती डेटा पाठवायचा ते सगळं सांगायचं. दुसऱ्या टोकाला एक छोटी डबी लावलेली असते, ती आलेला डेटा परत पाठवते. परत येताना किती हरवला ते टेस्टर मोजतो.

टेस्टर माझ्याकडे असायचा आणि केबलचं काम काकांकडे. काका नवापूरचे, पन्नाशीचे. घरात मासेमारी, पण त्यांचा जन्म कारखान्यांत गेलेला. कुठल्या कंपनीत कुठून पाईप जातात, कुठल्या गटाराचं झाकण उचललं की काय दिसेल, हे त्यांना तोंडपाठ होतं. शाळा मात्र चौथीपर्यंतच झाली होती. इंग्रजी अक्षरं ते चित्रासारखी ओळखायचे.

पावसाळा संपला तेव्हा साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. एका मोठ्या कारखान्यात आमचा एक माणूस कायमचा बसवायचा होता. रोजची धावपळ नाही, स्वतःचं टेबल, शिफ्टच्या बसमध्ये जागा. साहेब म्हणाले, "दोघांपैकी एकाला पाठवीन. पण ज्याला टेस्टर येतो त्यालाच. तू त्यांना शिकव."

दोन शनिवार मी काकांना शिकवलं. कसं शिकवलं ते सांगायला हवं. ते "आमाला जरा परत दाखव बाय" म्हणायचे आणि मी मोठा श्वास सोडून पुन्हा दाखवायचे, मुद्दाम आधीपेक्षा भरभर. माझ्या घरीही आई 'हाय' आणि 'नाय'च बोलते, पण काकांनी 'नाय' म्हटलं की मी 'नाही' असं ठासून उत्तर द्यायचे. ऑफिसातली बाकीची माणसं हसायची. काका रागावले नाहीत. त्यांनी एका कागदावर स्क्रीनचे चौकोन काढले, कुठला आधी दाबायचा, कुठला नंतर, बाण करून. कागदाची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली.

एक चौकोन त्या कागदावर नव्हता. त्यांनी बोट ठेवून विचारलं होतं, "ह्या काय?"

"ऑटो," मी म्हटलं. "ते कायम चालू असतं. त्याला हात लावायचा नाही."

"मग काढत नाय," ते म्हणाले.

ते ऑटो काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. केबलच्या दोन टोकांना जी यंत्रं असतात ती जोडल्याबरोबर आपसात ठरवतात, किती वेगाने पाठवायचं आणि दोघांनी एकाच वेळी पाठवायचं की आळीपाळीने. एका बाजूचं ऑटो बंद असलं की दुसऱ्या बाजूला उत्तरच मिळत नाही आणि ती आळीपाळीचं धरून बसते. दिवा हिरवा लागतो. थोडा डेटा पाठवला तर सगळं बरोबर दिसतं. भरपूर पाठवला की दोन्हीकडून धडका बसून डेटा हरवायला लागतो. नवख्याला वाटतं, केबलच खराब आहे.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं एका रसायनाच्या कारखान्यात गेलो. टाक्यांच्या शेडपासून कंट्रोल रूमपर्यंत काकांनी आधीच केबल टाकलेली होती, त्या दिवशी फक्त तपासायची होती. साहेबांनी सांगितलं होतं, टेस्ट काका करतील, तू बाजूला उभी राहा.

तिथला इंजिनियर घाईत होता. त्याने विचारलं, "इनचार्ज कौन है?"

"मैं," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "ये लडकी मशीन पकडती है."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना तो प्रश्न विचारला होता. पण मला ते झोंबलं.

त्यांनी कागद काढला, चौकोन बघत बघत पोर्ट वन लावला. वेग शंभर मेगाबिटचाच हवा होता, तो स्क्रीनवर दिसतच होता. हिरवा दिवा लागला. त्यांनी पूर्ण डेटा सोडला आणि आकडे लाल झाले. डेटा हरवत होता, आणि थोडाथोडका नाही.

मला त्याच क्षणी कळलं. आदल्या दिवशी मी दुसऱ्या एका कारखान्यात एका जुन्या यंत्रासाठी पोर्ट वनचं ऑटो बंद केलं होतं. काम झाल्यावर ते परत चालू करायला विसरले होते. चूक माझी होती. दोन बटणांचं काम होतं. मी तोंड उघडलं असतं तर काकांनी हसून म्हटलं असतं, बघ, मशीनवालीच विसरली.

मी तोंड उघडलं नाही.

काकांनी तीनदा टेस्ट केली. मग केबलच्या आठही तारा एकेक तपासल्या. त्या चांगल्या होत्या. ते गुडघ्यावर हात ठेवून विचार करत राहिले. "गटारात ती मोटरची जाड केबल हाय ना," ते मला म्हणाले, "तिच्या बाजूनी गेलीय आपली. तिचा त्रास येत असंल. तुला काय वाटतं?"

"असू शकेल," मी म्हटलं.

हे दोन शब्द मी विचार करून म्हटले होते.

इंजिनियरला त्यांनी सांगितलं की केबल काढून दुसऱ्या बाजूने टाकावी लागेल. तो म्हणाला, "इतने साल से यही कर रहे हो ना?" शेजारी उभे असलेले दोन कामगार हसले. काकांनी मान खाली घातली आणि लोखंडी सळी घेऊन गटाराची झाकणं उचलायला सुरुवात केली.

दुपारी ते गटारात उतरलेले असताना मी कॅन्टीनमध्ये टेस्टर घेऊन बसले. तो टेस्टर प्रत्येक बदल वेळेसकट आपल्या यादीत ठेवतो. ऑटो कधी बंद झालं ते त्यात होतं, आणि त्या वेळी टेस्टर माझ्या हातात होता हे सगळ्यांना माहीत होतं. मी यादी पुसली. 'नक्की का?' असं टेस्टरने विचारलं. मी हो दाबलं आणि भात खाल्ला.

त्या गटारात टाक्या धुतल्याचं पाणी साचतं. काकांकडे सुती हातमोजे होते. जाड मोजे आणायला हवे होते, ते आणायचं काम माझ्याकडे होतं, पण केबलचं काम निघणारच नाही म्हणून मी आणले नव्हते. ते गुडघ्यांवर रांगत, झाकण उचलत, केबल सोडवत पुढे सरकत होते, आणि मधूनमधून वर येऊन पुन्हा टेस्ट लावून बघत होते. संध्याकाळपर्यंत अर्धी केबल निघाली. पँट गुडघ्यापाशी विरली होती आणि आतली कातडी लाल होऊन फुगली होती. त्यांनी नळाखाली पाय धरले. मी बाटलीतलं पाणी दिलं.

"चरचरतंय," ते म्हणाले. "सकालपर्यंत होईल बरा."

सकाळी बरं झालं नव्हतं. गुडघ्यांना फडकी बांधून ते आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेली केबल काढली आणि सगळी पुन्हा टाकली, यावेळी वरून, पाईपांच्या रांगेवरून. शिडीवर चढताना ते प्रत्येक पायरीला थांबत होते. मी खाली शिडी धरून उभी होते. त्यांच्या फडक्यातून पिवळं पाणी पोटरीवर उतरत होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला त्या वेळी वाईट वाटलं असं मी लिहू शकते, पण तसं आठवत नाही. आता सांगितलं तर कालपासूनचं सगळं माझ्यावर येईल, एवढंच डोक्यात होतं. प्रत्येक तास गेला तसं सांगणं अधिक अवघड झालं, आणि अवघड झालं तसं मी ते अधिक सहज टाळत गेले.

चार वाजता त्यांनी पुन्हा टेस्ट लावली. आकडे लाल.

इंजिनियरने आमच्या साहेबांना फोन केला. साहेब पालघरहून तासाभरात पोहोचले. शेडमध्ये तेव्हा सहा-सात माणसं जमली होती. साहेबांनी काकांशी एक शब्दही न बोलता माझ्याकडे पाहिलं. "तू बघ."

मी टेस्टर हातात घेतला. पोर्ट वन उघडला, ऑटो चालू केलं. पूर्ण डेटा सोडला. एकही आकडा लाल झाला नाही. एवढं करायला एक मिनिटही लागलं नाही.

"काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"पोर्टचं सेटिंग चुकलेलं होतं. ऑटो बंद होतं."

इंजिनियर मोठ्याने म्हणाला, "मतलब केबल पहले से ठीक थी?" आणि मग कपाळावर हात मारून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दो दिन ये आदमी गटर में क्यों घुसा था?"

माणसं हसली. साहेबही थोडे हसले, क्लायंटसमोर हसावं लागतं तसं.

काका टेस्टरकडे बघत होते. त्यांनी खिशातून कागद काढला आणि मला दाखवला. "ह्याच्यात ऑटो नाय. तू बोललीस त्याला हात नाय लावायचा. मी नाय लावला."

"तपासायला तर हवं ना, काका," मी म्हटलं. "टेस्ट करणाऱ्याचं काम आहे ते."

ते साहेबांकडे वळले. "साहेब, ही मशीन सगला ध्यानात ठेवते. हिनीच शिकवलाय मला. कवा बंद झाला ते बघा."

साहेबांनी यादी उघडली. पहिली ओळ आदल्या दिवशीच्या दुपारची होती, आणि तिथून खाली माझी शेवटची सोडून सगळ्या टेस्ट काकांच्याच. "याच्या आधीचं काही नाही," साहेब म्हणाले.

"भरलं की जुनं जातं," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. नंतर त्यांनी कागदाची घडी केली, पिशवीत घातली, पिशवी खिशात ठेवली.

साहेबांनी त्यांचं ओळखपत्र तिथेच मागून घेतलं. गळ्यातून काढताना ते काकांच्या कानाला अडकलं आणि कुणीतरी पुन्हा हसलं. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. तुमच्याने होत नाही हे आता." परत जाताना मी साहेबांच्या गाडीत पुढे बसले. गेटाबाहेर काका फाट्याकडे चालत होते, पाय फाकवून, कारण गुडघे वाकत नव्हते. साहेबांनी गाडी थांबवली नाही आणि मीही थांबवा म्हटलं नाही.

टेबल मला मिळालं.

चार महिन्यांनी मी नवापूरला गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. झोप उडाली होती वगैरे काही नव्हतं. रविवार होता, रिक्षा मिळाली, गेले. काका ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते, पाय लांब करून. दोन्ही गुडघ्यांवर कातडी गुलाबी, आक्रसलेली. त्यांची बायको पाटीत बोंबील निवडत होती. तिने मला ओळखलं नाही. काकांनी सांगितलं, "कंपनीतली बाय हाय." तिने पाणी आणून दिलं.

मी सगळं सांगितलं. ऑटो, यादी, कॅन्टीन. जाड मोज्यांचंही.

काका जाळ्याची गाठ मारत म्हणाले, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तू बोललीस ना, भरला की जुना जातो. तवाच."

"मग बोलला का नाही?"

"कोनाला बोलू? साहेब तुलाच इचारनार, खरा काय म्हनून."

त्यांच्या बायकोचे हात थांबले होते. तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला. अर्धा भरलेला होता, तो तिने अंगणात ओतला.

काका म्हणाले, "एक काम कर. साहेबांना सांग. मला कामावर नाय घेतला तरी चालंल. फक्त त्यांना कलू दे, केबल मी बरोबर टाकलेली." गाठ आवळत म्हणाले, "दोनी टायमाला बरोबर टाकलेली."

मी सोमवारी सांगते म्हणाले. माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये होताच.

सोमवारी साहेबांनी मला आठवडाभरासाठी ऑफिसात बोलावलं आणि दोन नव्या माणसांना टेस्टर शिकवायला सांगितलं. ते माझ्यावर खूश होते. मी शिकवलं. बुधवारी काकांचा फोन आला, "सांगितला का?" साहेब बाहेरगावी आहेत, मी म्हटलं. साहेब काचेपलीकडे चहा पीत होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. तेव्हाही मी काहीतरी सांगितलं. त्यानंतर दोनदा फोन वाजला, तो मी वाजू दिला.

मग एकदा अनोळखी नंबरवरून त्यांच्या बायकोचा फोन आला. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "मी त्यांना बोललीय, तुला फोन करायचा नाय. ते रोज फोन हातात घेऊन बसतात. मला बघवत नाय. तू पन परत आमच्या दारात यायचं नाय."

"बरं," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. त्यानंतर काकांचा फोन आला नाही. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.