मडमेच्या बंगल्यातलं निळं फूल

आमचा मळा बडनेऱ्याच्या रस्त्याला. झेंडू, शेवंती, मोगरा. हार ओवायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडं. तिला अकोल्याला दिली होती. वर्षाच्या आत कपाळ पुसून परत आली. फुलांच्या घरातली बाई, पण एक फूल डोक्यात घालायची सोय नाही. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न. तिनं नको म्हणून सांगितलं होतं, आणि बाबांनी जोर केला नव्हता.

बाबा कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बागकाम करायचे. एका हिवाळ्यात त्यांनी तिथली चार रोपं आणून विहिरीजवळ लावली. साहेबाची मडम म्हणे त्या फुलाला तान्ह्या पोराचे निळे डोळे म्हणायची. आपल्या बांधावर विष्णुक्रांता फुलते तसंच निळं, पण मोठं, मधे पांढरं. बाजारात कुणी हात लावेना.

"याले कोनताच देव घेत नाई," बहीण हसली. "नवरीबी घालत नाई. मंग मले चालते."

विष्णुक्रांता देवाची, म्हणून तिनं ती कधी माळली नव्हती. हे फूल तिनं कानामागं खोवलं.

तिवशाची आत्या आली होती. तिनं पाहिलं.

"फुलं माळाची हौस हाये, तं पाटाले नाई काहून म्हंते वं?" मग बाबांकडं वळून, "पोरगी राजी हाये, दादा. तुले दिसत नाई काय?"

"आत्या, हे इलायती हाये. आपलं नाई," बहीण म्हणाली.

"फूल ते फूल."

बाबांना पटलं. पटावं असं मनात होतंच. उन्हाळा लागायच्या आत तेल्हाऱ्याच्या एका बिजवराशी तिचा पाट लागला. जाताना तिनं त्या फुलांचं बी पदराच्या गाठीत नेलं.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही वनस्पतिशास्त्र घेऊन. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो. पास झालो आणि आधी तेल्हाऱ्याला गेलो. अंगणात वाफा कोरडा पडला होता. तिनं पेरून पाहिलं होतं, धरलं नव्हतं. मी शिकलो ते सांगितलं: हे फूल अमेरिकेतलं, तिथल्या डोंगरउतारांवर आपोआप उगवतं. साहेबाच्या बंगल्यावर दर साली नवं बी मागवतात, म्हणून दिसतं. आपल्या उन्हात त्याचा वंश राहत नाही.

कापूस वेचता वेचता चिरलेली बोटं ती चोळत बसली होती.

"मंग आनलं काहून बाबानं?"

वाफ्याच्या कडेला विष्णुक्रांता उगवली होती. पाट लागल्यावर आता तिला कुठलंही फूल चाललं असतं. तिचं डोकं मात्र मोकळंच होतं.