खोकलामुक्त हिरडदरा

कुशाबाईच्या खोकल्याची दखल हिरडदऱ्यात सगळ्यात गंभीरपणे घेतली ती सरपंच दादाभाऊंनी. ऐकणाऱ्याला वाटेल, काय हा देवमाणूस, एकट्या बाईच्या खोकल्याचीसुद्धा काळजी वाहतो. काळजी होतीच. फक्त ती कुशाबाईची नव्हती.

घोडेगावहून निघालेली एसटी डोंगर चढता चढता जिथं शेवटचा दम टाकते, तिथं हे गाव. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, रानात हिरडा. कुशाबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक रत्ना अवसरी खुर्दला दिलेली. त्यामुळे कुशाबाई एकटीच राबायची आणि आपलं आवरलं की बांधावर उभी राहून दुसऱ्यांच्या भाताच्या आवणीला नावं ठेवायची. तिच्या जिभेला अख्खं गाव वचकून असे.

दिवाळीत लागलेला खोकला होळी झाली तरी हटेना. आधी तिनं चुलीच्या धुराला बोल लावला, मग चिंचेला, मग शेजारणीच्या नजरेला. संध्याकाळी अंगात कणकण भरायची, दंडातली चोळी सैल पडली होती. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स आरती मॅडमनी एकदा वाटेत गाठून बेडका तपासायला द्या म्हणून सांगितलं, तर कुशाबाईनं त्यांनाच तुमीच किती वाळलाय म्हणून सुनावलं. आरती मॅडमकडं पाच वाड्या आणि एक मोबाईल होता. दिवसभर त्या मोबाईलमध्ये आकडे भरत. माणसांकडं पुन्हा वळायला सवड उरत नसे.

तिकडं जगात मोठीच धामधूम चालली होती. देशोदेशीचे पुढारी थंडगार दालनांत जमून क्षयरोगाला हद्दपार करायची तारीख ठरवत होते. तारीख जवळ आली की ती पुढं सरकवत होते. जंतूला परिषदेचं बोलावणं नसल्यामुळं त्याला यातलं काहीच कळत नव्हतं. मधेच कुण्या श्रीमंत देशानं हात आखडता घेतला, म्हणून मग पैसा का द्यावा हे पटवायला गावोगावच्या यशाच्या गोष्टी हव्या होत्या. अशी एक गोष्ट बघायला परदेशी पाहुण्यांचं पथक हिरडदऱ्याला येणार, असा निरोप दादाभाऊंना आला. गाव क्षयमुक्तीच्या प्रमाणपत्राला उभं होतंच. दादाभाऊंनी शाळेच्या भिंती रंगवल्या, गटारावर चुना मारला, भटकी कुत्री पिटाळली. राहता राहिला कुशाबाईचा खोकला.

ते अंगणात आले, नाकाला टॉवेल लावून लांब बसले आणि म्हणाले, "काकी, जरा पोरीकडं जाऊन या. तेवढाच हवापालट व्हईल."

"हवापालट?" कुशाबाई म्हणाली. "पुन्याची मानसं गाड्या घिऊन इथली हवा खायला येत्यात. आन मी अवसरीला जाऊन कसली हवा खाऊ?"

दादाभाऊंनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी खरं काय ते सांगितलं, की पाहुणे येतायत, गावाच्या इज्जतीचा सवाल आहे, आणि नेमकं त्या वेळी काकी खोकल्या तर सगळं मुसळ केरात. वर त्यांनी स्वतःची जीप देऊ केली.

कुशाबाईला जुनं आठवलं. हा दादाभाऊ लहानपणी तापानं फणफणला तेव्हा हिनंच त्याला पाठीशी बांधून पावसात घोडेगाव गाठलं होतं. आज त्यानं तिला केराच्या पाटीसारखं गावाबाहेर काढलं. तिनं कोंबड्या शेजारणीच्या हवाली केल्या आणि जीपमध्ये बसली. खिंड ओलांडेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. अशा रीतीनं हिरडदरा खोकलामुक्त झाला आणि तो खोकला अवसरीच्या खात्यावर जमा झाला.

अवसरीत रत्ना तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवायची. आईला बघून ती आधी हरखली. रात्री खोकल्याची उबळ आली, पदराला रक्ताचा ठिपका लागला, तशी ती घाबरली. दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवून तिनं आईला मंचरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला.

कुशाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या लहानपणी चुलत्याला हाच रोग झाला होता. त्याला गोठ्यात ठेवलं होतं, भाकरी लांबून सरकवत, आणि तो मेल्यावर त्याचं ताट ओढ्यात फेकून दिलं होतं. घरी येताच ती परसात जाऊन बसली आणि म्हणाली, माझं ताट येगळं कर.

रत्ना म्हणाली, "आये, डाक्टरनी ताट येगळं करायला सांगितलंच न्हाई. तोंडाला फडकं बांधायचं, खिडकी उघडी ठिवायची आन गोळी चुकवायची न्हाई. ऊठ, जेवाय चल."

रत्नाची आणि जावयाची तपासणी झाली, दोघंही निर्मळ निघाले. खानावळीतल्या पोरांनी मात्र विज्ञानावर विश्वास टाकायचं नाकारलं. पुलाचा भार काढणारी, यंत्रं उघडून पुन्हा जोडणारी ती पोरं क्षय हा शब्द ऐकताच समोरच्या खानावळीत पळाली. तिथली आमटी इतकी पातळ होती, की काही दिवसांतच त्यांचा विज्ञानावरचा विश्वास परत आला.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी लघवी शेंदरी झालेली बघून कुशाबाईनं देवाचा कोप झाला म्हणून हंबरडा फोडला. तो गोळीचा रंग आहे हे कळल्यावर तिनं डॉक्टरला, आधी सांगाया काय झालं व्हतं, म्हणून झापलं. हळूहळू ताप गेला, भूक परतली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिनं रत्नाच्या भाकरीला नावं ठेवली. रत्नाला त्या दिवशी खात्री पटली की आई वाचली.

इकडं परदेशी पाहुण्यांची तारीख सारखी पुढं जात होती. दर वेळी दादाभाऊ निरोप धाडत, काकी, आनखी थोडं राहा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आले, तशी कुशाबाई कंटाळली. आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, पुढच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात मिळतील, असं डॉक्टरनं सांगितलं. ती कुणाला न कळवता एसटीत बसली.

पाहुणे नेमके त्याच दिवशी आलेले. आदल्या दिवशी घाटघरला जाऊन त्यांनी नाणेघाटाचा सूर्यास्त पाहिला होता, कारण क्षयरोगाचा अभ्यास नुसता क्षयरोग बघून होत नसतो. शाळेपुढं मांडव, फेटे, ढोल. पथकाच्या प्रमुख पांढऱ्या केसांच्या एक उंच बाई होत्या, शेजारी पुण्याचा दुभाषा. बाईंनी विचारलं, गावात किती खोकणाऱ्यांची तपासणी केली? दादाभाऊंनी छाती फुगवून सांगितलं, एकाचीही नाही, कारण गावात खोकलाच उरलेला नाही.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी समजावून सांगितलं, की प्रमाणपत्राला एकही रोगी नसावा अशी अटच नव्हती. हजारात एखादा चालतो. अट होती ती खोकणाऱ्यांना शोधून तपासण्याची. जिथं कुणी तपासलंच नाही, तिथं रोग नाही असं नव्हे, बघणारा नाही एवढंच ठरतं. मग त्यांनी विचारलं, उपचार घेणारा एखादा रुग्ण भेटेल का? आरती मॅडम मोबाईलमधले आकडे चाळू लागल्या. दादाभाऊंनी सगळी तयारी केली होती, एक रोगी तेवढा ठेवायचा राहिला होता.

एसटी थांबली. तोंडाला फडकं, हातात पिशवी, अशी कुशाबाई उतरली आणि मांडवाची गर्दी बघून तिला वाटलं, गावात कुणीतरी गेलं. दादाभाऊ लगबगीनं आडवे आले. ती म्हणाली, "सरपंच, तुमचा खोकला घिऊन आले. मंचरला तपासला. टीबी निघाला, गोळ्या चालू हायेत."

दुभाष्यानं सांगताच बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कुशाबाईचे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या दुखण्याचा एवढा आनंद आजवर कुणालाच झाला नव्हता. फोटो निघाले. दादाभाऊंना तोवर कंठ फुटला. "आमीच पाठवली व्हती उपचाराला. सोताच्या जीपनं."

यात तसं खोटंही काही नव्हतं. कुशाबाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि दुभाष्याला म्हणाली, "व्हय. जीपनंच पाठवली. पावण्यास्नी खोकला दिसू नये म्हनून."

दुभाष्यानं पहिलं वाक्य भाषांतरित केलं. दुसऱ्यापर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

पुढं काही महिन्यांनी तिचा हसरा फोटो कुठल्याशा परदेशी शहरातल्या परिषदेत झळकला, असं आरती मॅडमनी मोबाईलवर दाखवलं. त्याच सुमाराला उपकेंद्रातल्या गोळ्या संपल्या होत्या. विचारलं की, वरून आल्या नाहीत, हे उत्तर मिळे. हिरडदऱ्यात वर म्हणजे एकतर देव नाहीतर जिल्हा, आणि दोघंही फोन उचलत नाहीत. आरती मॅडमनी मोबाईल बाजूला ठेवला, दुसऱ्या उपकेंद्रांत फिरून चार-चार दिवसांच्या गोळ्या मागून आणल्या आणि कुशाबाईची एकही गोळी चुकू दिली नाही. ती बरी झाली. भादव्यात ती दुसऱ्यांच्या खाचरांवर टीका करत हिंडत होती आणि लोकांना ते ऐकून हायसं वाटत होतं.

दादाभाऊ मात्र पार बदलले. गावात कुणी शिंकलं तरी ते जीप काढत. पलीकडच्या वाडीतली झुंबरबाई खोकते असं कळल्यावर त्यांनी कुशाबाईलाच सोबत पाठवलं. झुंबरबाई वाटभर कुढत होती. घोडेगाव दिसू लागलं तसं तिनं हळूच विचारलं, "कुशे, माझं नाव गावात निघंल का गं?"

"नाव मागनं निघंल," कुशाबाई म्हणाली. "आदी बेडका निघू दे. आन ताटाची काळजी करू नको, मी जेवंन तुझ्यासंगं."

झुंबरबाईला क्षय निघाला नाही. साधा दमा होता. कुशाबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि दोघींनी घोडेगावच्या स्टँडवर भजी खाल्ली. दादाभाऊंना फोनवर कळवलं, तेव्हा त्यांनी बरं झालं असं म्हटलं खरं, पण आवाजात थोडी निराशा होती.