आक्काने ताटात टाकलेली पोळी

काल सकाळी आमची आक्का गेली. राहात्याहून भाच्याने फोन करून सांगितलं... झोपेतच गेली, डॉक्टर बघून गेले, हृदय थांबलं म्हणाले. ऐंशी ओलांडली होती तिने.

हे हृदय फार साथ देणार नाही, असं नगरच्या एका डॉक्टरांनी ती तिशीतही नव्हती तेव्हा सांगितलं होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं वजन खूप वाढलं होतं, जरा चाललं की धाप लागायची. "सगळं खा बाई, पण निम्मं खा," एवढंच त्यांचं पथ्य.

त्यानंतरची पहिली दिवाळी बहात्तरच्या दुष्काळातली. आमचं माहेर खर्ड्याजवळ. विहिरीने तळ गाठलेला, वडील बैल घेऊन चारा असलेल्या मुलखात गेलेले. आई आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. घरात रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची भाकरी... धाकटी दोन भावंडं ती बघूनच तोंड फिरवायची.

राहात्याला कॅनालचं पाणी होतं. आक्का एस.टी.तून उतरली ती गव्हाचं पीठ, डाळ आणि गूळ घेऊनच. पण आईने पिशवीकडे बघितलंच नाही, ती आक्काकडेच बघत राहिली. निम्मं खाऊन आक्का अंगाने चांगलीच उतरली होती.

"लई वाळलीस गं शांते. खायाला घालत न्हाईत व्हय तुला तिकडं?"

आक्काने डॉक्टरांचं सांगितलं. आईला पटेना. आमच्याकडे अंगाने भरलेली लेक म्हणजे सुखात असलेली लेक. कुणी मुद्दाम कमी जेवतं, आणि तेही असल्या साली... "त्यो डागदर तुज्या सासूच्या गोतातला हाय का?" आईने विचारलं.

दिवाळीच्या पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या झाल्या. आईने आम्हा भावंडांना ओळीने बसवलं, शेजारच्या काशीकाकूलाही बोलावलं. आक्काची एक पोळी संपते न संपते तोच आईने दुसरी वाढली. आक्काने तिचा हात धरला आणि म्हणाली, "तू पन बस की आमच्यासंगं."

"मला पुरन बाधतंय. तुमी जेवा."

आईला पुरण कधीच बाधलं नव्हतं. आक्का तिच्या हाताकडे बघत राहिली... बांगड्या मनगटावरून घसरून पार कोपराकडे गेल्या होत्या. आम्ही तिला रोज बघत होतो, म्हणून आम्हाला ते दिसलं नव्हतं.

आक्काने त्या पोळीचा एक घास मोडला आणि ताट सरकवलं. "बास. डॉक्टरनं निम्मंच सांगितलंय."

काशीकाकू घास हातात धरून थांबली. "आता गं बया! लोकं सरकारी सुकडीसाठी रांगा लावत्यात, अन् हिला पोळी जड झाली. कॅनालच्या पान्याचा माज म्हनायचा ह्यो!"

आक्का खाली मान घालून बसली. आईने रागाने ताट उचललं आणि आत गेली. अन्न टाकायचं तर नाहीच, आणि पोटच्या पोरीचं उष्टं खायला आईला कसला संकोच... चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून तिने ती पोळी खाल्ली. ताटाला लागलेलं पुरणसुद्धा बोटाने पुसून घेतलं.

भाऊबीजेपर्यंत हेच चाललं. आईने आग्रह करायचा, आक्काने वाढून घ्यायचं, टाकायचं आणि बोलणी खायची. दाजी न्यायला आले तेव्हा काशीकाकूने त्यांनाही ऐकवलं, "पाव्हणं, बायकोला लई लाडावून ठिवलीया!" दाजी नुसतेच हसले.

मी एस.टी.च्या फाट्यापर्यंत पिशवी घेऊन गेले. तिथे आक्का म्हणाली, "आई आपल्या वाटचं तुमाला घालती. दिलेलं ती खानार न्हाई... टाकलेलं खाईल. आता तू उरवत जा."

मग जरा थांबून म्हणाली, "खडी फोडून तुला बी भूक लागती, ठावं हाय मला."

मी उरवायला लागले. सोपं नव्हतं ते... दिवसभर ऊन खाऊन आल्यावर चतकोर भाकरी ताटात ठेवून उठायचं. आई बडबडत खायची. एके दिवशी तिने माझं ताट उचललं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुला बी डागदरनं सांगितलंय व्हय?"

त्या दिवशी ती चुलीपाशी गेली नाही. माझ्यासमोरच बसली, डोळे पुसत पुसत तिने ती चतकोर संपवली.

आई त्या सालातून तरली. नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून मग गेली. आक्काने पथ्य आयुष्यभर पाळलं... सणाला सगळं खायची, निम्मं खायची. पण गावाकडे तिचं नाव 'दुष्काळात पोळी टाकणारी' असंच राहिलं.

कुणाच्या लग्नात, जावळात कोणीतरी तो विषय काढायचंच आणि लोक हसायचे. मी बोलायला गेले की आक्का डोळ्यांनी गप्प करायची. खरं सांगितलं असतं तर आईची भूक चारचौघांत उघडी पडली असती... आई गेल्यावरही आक्काने ते कुणाला कळू दिलं नाही.

आज दुपारच्या गाडीने राहात्याला निघतेय. दहावा गोदावरीकाठी होईल, तेराव्याला गोडाचं जेवण. खर्ड्याकडची जुनी माणसं येतील, पंगतीत कोणीतरी पोळीचा विषय काढेलच.

या वेळी मला गप्प करायला आक्का नसेल. मी सांगणार आहे.